हमीपत्रातील बारीक अक्षरे

मंडळी, बैलबाजारात तुम्ही गेलाच असाल. खोंड घ्यायचा तर गिऱ्हाईक आधी त्याचे दात पाहते, मग खूर पाहते, चार पावले चालवून बघते, मानेवरून आणि वशिंडावरून हात फिरवते. बरोबर एखादा जाणता म्हातारा असला तर तो शिंगापासून शेपटीपर्यंत सारे पारखून घेतो. मग उपरण्याखाली बोटे धरून सौदा ठरतो. चार दिवसांनी बैल लंगडू लागला आणि तक्रार घेऊन गेलात, तर विकणारा म्हणतो, "डोळे उघडे ठेवून घेतलात की! मी काय तुमचा हात धरला होता?" आणि खरे सांगायचे तर त्याचे हे म्हणणे अगदीच गैर नसते. बैल उघड्यावर उभा होता. पाहणाऱ्याला पाहता येत होते.

पण मोटारीचे काय? मोटारसायकलीचे, ट्रॅक्टरचे, विहिरीवरच्या पंपाचे काय? बॉनेट उघडून दाखवले तरी आपल्याला काय कळणार? लोखंडाच्या आत केसाएवढी चीर असेल तर ती जाणत्या मिस्त्रीलाही दिसत नाही. येथे पारख संपते आणि भरवसा सुरू होतो. त्या भरवशाचा जो छापील कागद मिळतो त्याला कायद्याच्या भाषेत 'वॉरंटी' म्हणतात, आपण गावात सरसकट 'गॅरंटी' म्हणतो. विकत घेताना दुकानदार हा कागद मोठ्या हौसेने दाखवतो. गाडी बिघडली, आपण ती वर्कशॉपात नेली, की तोच कागद दुसऱ्या बाजूने वाचून दाखवला जातो: "हा पार्ट गॅरंटीत बसत नाही. तुमची मुदत टळली. सर्व्हिसिंग आमच्याकडे केलेले नाही." आणि हातात हजारोंचे बिल पडते. आज तुम्हांला या कागदाची गोष्ट सांगायची आहे. ती बरीच जुनी आहे, आणि तिच्यात एक मोठी गंमतही आहे.

सुरुवात इ. स. १६०३ पासून करू. लंडनमधल्या एका सोनाराने एका गिऱ्हाइकाला एक खडा विकला. बोकडासारख्या जनावरांच्या पोटात सापडणारा, विष उतरवणारा म्हणून त्या काळी नावाजलेला हा 'बेझोअर'. आपल्याकडे जहरमोहरा म्हणत, त्याच जातीची समजूत. किंमत शंभर पौंड, म्हणजे त्या काळी डोळे पांढरे व्हावेत अशी रक्कम. पुढे कळले की खडा बेझोअर नव्हेच. गिऱ्हाईक न्यायालयात गेले आणि हरले. का? तर सोनार "हा बेझोअर आहे" एवढेच म्हणाला होता, "मी याची हमी देतो" असे म्हणाला नव्हता. नुसते बोलणे वेगळे आणि हमी वेगळी, असा निवाडा झाला. घेणाऱ्याने सांभाळून घ्यावे, हा बैलबाजाराचाच न्याय.

हा न्याय हळूहळू सैल होत गेला. गिरण्या निघाल्या, कारखाने निघाले, माल पेटीबंद येऊ लागला. न पाहता घ्यायच्या मालाला 'पाहून घ्या' हा नियम लावणार कसा? म्हणून न्यायालये म्हणू लागली की, जो माणूस विशिष्ट मालाचा धंदाच करतो, त्याने विकलेला माल त्या नावाला जागणारा असला पाहिजे; ही हमी तोंडाने दिली नसली तरी ती दिलेलीच आहे असे समजावे. हिला गर्भित हमी म्हणतात. इंग्लंडात १८९३ साली मालविक्रीचा कायदा झाला, त्यात ती लेखी आली. हा कायदा ज्यांनी रचला ते मॅकेन्झी चामर्स पुढे काही वर्षे हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सभासद होते, हे आपले जाता जाता. त्याच कायद्याच्या वळणावर अमेरिकेत एक नमुना कायदा तयार झाला आणि न्यू जर्सी या राज्याने तो १९०७ साली उचलला. आणि आपल्याकडचा १९३० चा मालविक्री कायदा, जो आजही चालू आहे, तोही त्याच घराण्यातला. म्हणजे न्यू जर्सीचा कायदा आणि आपला कायदा ही एका आजीची नातवंडे. आता पुढची गोष्ट न्यू जर्सीची असली तरी परकी समजू नका, ती एवढ्याचसाठी.

या घराण्यात एक खोड मात्र सर्वांना सारखी लागलेली. कायदा म्हणतो की मालाला गर्भित हमी आहे. आणि लगेच पुढे म्हणतो की दोघा पक्षांनी आपसांत ठरवले तर ती काढून टाकता येईल. आपल्या कायद्याचे ६२ वे कलम हेच सांगते. घराला भिंत बांधली आणि तिला खिडकी ठेवली, असा हा प्रकार. मोटारीचे कारखानदार त्याच खिडकीतून बाहेर पडले.

ते कसे, ते पाहा. १९५५ सालची गोष्ट आहे. मे महिन्याच्या ७ तारखेला ब्लूमफील्ड या गावी हेनिंगसन नावाचे एक गृहस्थ पत्नीसह मोटार पाहायला गेले. फोर्ड घ्यावी, शेव्हरोले घ्यावी की प्लिमथ, असा त्यांचा विचार चालला होता. प्लिमथ पसंत पडली. ही गाडी क्रायस्लर कंपनीची. मातृदिन जवळ आला होता, म्हणून ही गाडी पत्नीला भेट द्यायची असे ठरले. दुकानदाराने खरेदीचा छापील फॉर्म पुढे ठेवला, हेनिंगसननी सही केली. फॉर्म वाचला का? नाही वाचला. आपण तरी कोठे वाचतो?

या फॉर्मचे वर्णन पुढे निकालपत्रात फार बारकाईने आले आहे आणि ते शिक्षकमंडळींनी मुलांना जरूर सांगावे. छापखान्यात अक्षराची उंची 'पॉइंट'मध्ये मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. फॉर्मच्या माथ्याला बारा पॉइंटांची ठसठशीत अक्षरे. जसजसे खाली यावे तसतशी अक्षरे बारीक होत जातात, आणि जेथे गिऱ्हाइकाने सही करायची त्या जागेच्या आसपास ती सर्वांत बारीक, सहा पॉइंटांची, दाटीवाटीने बसवलेली. त्या चार ओळींत लिहिले होते की, पाठीमागच्या पानावरील सर्व अटी मी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत. आणि पाठीमागे? साडेआठ इंच लांबीचा मजकूर, दहा कलमे, पासष्ट ओळी. त्या गर्दीत हमीचे कलम बसलेले.

ते कलम काय म्हणत होते? नव्वद दिवस किंवा चार हजार मैल, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर, एखादा भाग सदोष निघाल्यास कंपनी तो आपल्या कारखान्यात दुरुस्त करून देईल. मात्र तो भाग गिऱ्हाइकाने वाहतूक खर्च भरून कारखान्याकडे पाठवला पाहिजे. आणि कंपनीने तो तपासून, तो सदोष असल्याबद्दल कंपनीचे समाधान झाले पाहिजे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध फिर्याद तोच पंच! शेवटी खरी मेख: ही हमी इतर सर्व उघड आणि गर्भित हम्यांच्या ऐवजी दिलेली आहे. कायद्याने जी मोठी हमी फुकट दिली होती ती काढून घेतली आणि तिच्या जागी एक सुटा भाग ठेवला.

येथे ती गंमत आहे. १६०३ साली गिऱ्हाईक हरले, कारण विकणाऱ्याने 'हमी' हा शब्द उच्चारला नव्हता. साडेतीनशे वर्षांनी गिऱ्हाईक हरायच्या बेतात आले, कारण विकणाऱ्याने 'हमी' हा शब्द छापून दिला होता.

९ मे रोजी गाडी घरी आली. १९ मे रोजी हेनिंगसन यांच्या पत्नी ती घेऊन अ‍ॅसबरी पार्कला गेल्या. जाताना गाडी ठीक चालली. परत येताना हायलंड्स गावाजवळ, सरळ आणि गुळगुळीत रस्त्यावर, ताशी वीस-बावीस मैलांच्या वेगात, पुढच्या बाजूला खालून काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला. स्टिअरिंगचे चाक त्यांच्या हातांत गरकन फिरले, गाडी एकदम उजवीकडे वळली आणि रस्त्याकडेची पाटी मोडून विटांच्या भिंतीवर आदळली. बाई जखमी झाल्या. मीटरवर ४६८ मैल पडले होते. गाडीचा पुढचा भाग असा चेंदामेंदा झाला होता की स्टिअरिंगचा कोणता भाग आधीच बिघडलेला होता, हे ओळखणे अशक्य. विमा कंपनीने गाडी दुरुस्तीपलीकडे गेल्याचे ठरवले.

हेनिंगसन पतिपत्नींनी दुकानदार आणि क्रायस्लर कंपनी या दोघांवर दावा लावला. कारखानदाराला थेट जबाबदार धरण्याचा रस्ता अमेरिकेत थोडा आधीच उघडला होता. १९१६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात ब्यूक मोटारीच्या लाकडी चाकाच्या आऱ्या मोडून मालक बाहेर फेकला गेल्याचा खटला झाला. तेव्हा न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ठरवले की, मधे दुकानदार असला तरी कारखानदार सुटत नाही. पण तेथे कारखानदाराचा हलगर्जीपणा दाखवावा लागत होता. हेनिंगसनजवळ दाखवायला काय होते? भिंतीवर आपटून वाकलेले लोखंड! त्यामुळे हलगर्जीपणाचा मुद्दा टिकला नाही. उरला तो गर्भित हमीचा मुद्दा, आणि ती हमी तर त्यांनी स्वतःच्या सहीने सोडून दिली होती. कंपनीचे म्हणणे सरळ होते: सही तुमची आहे, वाचले नाही हा तुमचा दोष, फार तर मोडका भाग कारखान्यात पाठवून द्या. शिवाय बाईंनी तर सहीही केलेली नाही, त्यांचा आमच्याशी करारच नाही.

खालच्या न्यायालयात ज्यूरीने हेनिंगसन यांच्या बाजूने कौल दिला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला ९ मे १९६० रोजी. गाडी घरी आल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. निकालपत्र न्यायमूर्ती फ्रान्सिस यांनी लिहिले.

त्यांनी एक साधा प्रश्न विचारात घेतला. करार म्हणजे दोघांची राजीखुशी. मग हेनिंगसनना ही अट नको असती तर त्यांनी काय करायचे होते? शेव्हरोलेच्या दुकानात गेले असते तर? फोर्डच्या गेले असते तर? तेथेही हेच कलम! कारण ही हमी एका कंपनीची नव्हतीच. मोटार कारखानदारांच्या संघटनेने ती तयार केली होती आणि सर्व सभासदांनी जशीच्या तशी छापली होती. १९५८ सालच्या आकड्यांप्रमाणे तीन मोठ्या कंपन्या मिळून देशातल्या ९३.५ टक्के मोटारी बनवत होत्या. बाजारात दुकाने तीन, पण वही एकच. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाची सही म्हणजे राजीखुशी नव्हे, असे न्यायालयाने मानले. आणि गर्भित हमी काढून घेणारे कलम लोकहिताच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरवले. बाईंचेही तेच: मोटार एकट्या घेणाऱ्याने चालवण्याची वस्तू नाही, घरची माणसे ती वापरणार हे बनवणाऱ्याला माहीत असते, म्हणून हमी त्यांनाही लागू. मोडका भाग हाती नसला तरी दहा दिवसांच्या गाडीचे चाक असे फिरत नाही, एवढा अनुमानाचा पुरावा पुरेसा धरला गेला.

माझ्या मते या निकालाचे मोल भरपाईच्या रकमेत नाही. न्यायालयाने कागदाचा मथळा न वाचता कागद काय करतो ते वाचले, हे त्याचे मोल.

कारखानदारांनी यातून आपला धडा घेतला, तो व्यापाऱ्याचा. हमी लांबवून जाहिरात करायची! क्रायस्लरने १९६३ च्या गाड्यांना इंजिन आणि चाकांपर्यंत शक्ती नेणारे भाग यांसाठी पाच वर्षे किंवा पन्नास हजार मैलांची हमी दिली. कोठे नव्वद दिवस आणि कोठे पाच वर्षे! पण हमी लांबली तशी अटींची शेपटीही लांबली. ठरल्या मुदतीत तेल बदला, फिल्टर बदला, त्याचे दाखले जपून ठेवा. एक दाखला हुकला की हमी गेली. आज आपल्याला वर्कशॉपात जी उत्तरे मिळतात त्यांचा उगम येथे आहे. भांडण आता "हमी आहे की नाही" यावरून हलून "तुम्ही हमी राखली की नाही" यावर आले.

म्हणून अमेरिकेत १९७५ साली मॅग्नुसन आणि मॉस या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाचा कायदा झाला. त्यात ठरले की लेखी हमी साध्या भाषेत लिहावी. लेखी हमी देणाऱ्याला गर्भित हमी पुसून टाकता येणार नाही. आणि आमच्याच छापाचा सुटा भाग किंवा आमचेच वर्कशॉप वापरले तरच हमी, अशी अट साधारणपणे घालता येणार नाही. पुढे १९८२ साली कनेक्टिकट राज्याने आणखी एक पाऊल टाकले. नव्या गाडीचा तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी तीस दिवस वर्कशॉपातच पडून राहिली, तर गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत करा. अशा रडक्या गाडीला तिकडे 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. कायद्यालाही लोकांनी लिंबाचेच नाव दिले.

आपल्याकडे? पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि जिल्ह्याच्या गावी ग्राहक मंच निघाले. तेथे वकिलाशिवाय स्वतः उभे राहता येते. मालातला दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर मंच तो प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. या एका तरतुदीने 'कंपनीचे समाधान' हा पंच बाजूला झाला. आणि गॅरेजमधली दुरुस्ती हीसुद्धा सेवा असल्याने तिच्यातल्या त्रुटीबद्दलही तक्रार चालते. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला. त्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मंचाला आता आयोग म्हणतात. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेले पाहिजे. टेंपो किंवा रिक्षा घेतली, धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वाहनाला कायद्याने सूट ठेवली आहे.

पण फार हुरळून जाऊ नये. २००६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे क्लचच्या दोषाचा एक खटला आला होता. खालून पूर्ण गाडी बदलून देण्याचा हुकूम झालेला. सर्वोच्च न्यायालयाने हमीचे कलम वाचले आणि सांगितले की, कलम सदोष भागाबद्दल बोलते, तेव्हा भाग बदलून मिळेल, गाडी नव्हे. म्हणजे कागदावर काय छापले आहे याला आजही वजन आहे.

आता तुमची गाडी वर्कशॉपात अडकली आहे, हमी नाकारली आहे, आणि बिल भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, असे समजा. मजुरी आणि कसब लावून केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडकवून ठेवण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाने कारागिराला दिला आहे. हमरीतुमरीवर आल्याने तो जात नाही. तेव्हा पैसे भरावे लागले तर बिलावरच "हरकत राखून भरले" असे लिहून सही करावी आणि त्याची प्रत घ्यावी. हमी का नाकारली, ते तोंडी ऐकून न घेता लेखी मागावे. कोणत्या कलमाखाली नाकारली तेही लिहून मागावे. गाडी आत घेताना जे जॉबकार्ड लिहितात, त्यात आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहिली आहे ना, हे सहीपूर्वी पाहावे. आणि मोडका भाग काढला असेल तर तो फडक्यात गुंडाळून घरी आणावा, भंगारात जाऊ देऊ नये. कंपनी तो परत मागत असेल तर निदान फोटो आणि लेखी पोच घ्यावी. हेनिंगसनजवळ तेवढेही नव्हते. त्या प्लिमथच्या स्टिअरिंगमध्ये नेमके काय तुटले होते, हे न्यायालयापुढे शेवटपर्यंत आले नाही.